म्हातारा, पण कोणापेक्षा?

'आता तुमचं वय झालं' असे म्हणणारा वय किती झाले ते सांगत नाही, आणि ऐकणाराही विचारत नाही. मुलगी 'वयात येते' तेव्हा ते वय वेगळे असते, हे 'झालेले' वय वेगळे. वैदिक 'वयस्' हा जोम, ताकद, तारुण्य या अर्थाने येतो. संस्कृतातला 'वयस्थ' तर चक्क तरणाबांड. मराठीत 'झाले' म्हणजे 'संपले' असेही होते (जेवण झाले, बोलून झाले), तेव्हा 'वय झाले' म्हणजे जोम संपला, असा अर्थ ओढून काढता येईल. पण ती कोटी ठरेल, व्युत्पत्ती नव्हे.

साठी ओलांडल्यापासून या शब्दांकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. त्यांतला सर्वांत लबाड 'म्हातारा'. याचे मूळ संस्कृत 'महत्तर', म्हणजे 'अधिक मोठा'. 'महिषी'ची 'म्हैस' होताना 'मह'चा 'म्ह' झाला, तसाच इथेही. 'त्त' सुटा होताना मागचा स्वर लांबला, हेही नियमाला धरून. 'ता'मधला काना मात्र खटकतो. कुठल्या तरी प्रत्ययाच्या ओढीने तो आला असावा. 'म्हात्रे' हे आडनाव त्या मानाने मुळाशी जास्त प्रामाणिक दिसते, कारण तिथे मधला स्वर लांबण्याऐवजी गळून गेला आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक अशा अधिकाऱ्यांच्या पंगतीला 'महत्तर' बसलेला आढळतो. तो गावातला वजनदार माणूस; म्हात्र्यांचे मूळही या गावकीतच असावे. वजनदार माणसे बहुधा वयस्क असत, म्हणून अधिकार गळून वय तेवढे उरले असे दिसते.

फारसीतला 'मेहतर' अर्थाने या 'महत्तर'चा सख्खा भाऊ. 'मेह' म्हणजे मोठा आणि 'तर' तोच, आपल्या 'बेहत्तर'मधला. चित्रळचे राजे ही पदवी लावत. हिंदुस्थानात मात्र ती सफाईचे काम करणाऱ्यांना चिकटवली गेली. त्यात गौरव किती आणि कुचेष्टा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

'थेरड्या'ची घसरण याहून वाईट. 'स्थविर' म्हणजे स्थिर, पक्का, धातू 'स्था'. पाली-प्राकृतात त्याचा 'थेर' झाला, बौद्ध संघातल्या ज्येष्ठ भिक्षूचे ते बिरुद, आणि थेरवाद पंथाचे नावही त्यावरूनच. मळवलीजवळ भाजे लेण्यात 14 स्तूपांचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर 'थेरानं' हा शब्द कोरलेला आहे, म्हणजे 'थेरांचा' स्तूप. त्या थेराला आपण 'डा' जोडला आणि त्याची शिवी केली. ('डा' हा प्रत्यय कुणाचेच भले करत नाही.)

उलट दिशेचीही वाहतूक आहे. अरबी 'शेख' मुळात म्हातारा, फारसी 'पीर'ही म्हाताराच. पुढे एक टोळीप्रमुख झाला आणि दुसरा दर्ग्यात पुजला गेला. तिकडे वयाला मान मिळाला, इकडे मानाला वय चिकटले.

स्वयंपाकघराने वयाकडे अधिक मायेने पाहिलेले दिसते. 'पोक्त' हा फारसी 'पुख्ता', म्हणजे शिजलेला. ते क्रियापद आपल्या 'पच्'चेच भावंड, म्हणून पोक्त माणूस आणि पिकलेले केस अर्थाने एकाच चुलीवरचे. 'जॄ' धातूची लेकरे मात्र रुसवी निघाली: जरा, जरठ, जीर्ण. 'जीर्ण'चा प्राकृतात 'जुण्ण', त्याचेच आपले 'जुना' आणि 'जून'. जून भेंडी कोणी घेत नाही, पण जुन्या माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतात. ग्रीक 'गेरोन' (म्हातारा) हाही 'जॄ'च्याच कुळातला.

आणि 'साठी बुद्धी नाठी'? 'षष्टि'ची साठी, 'नष्ट'ची नाठी. दोन्हीकडे 'ष्ट'चा 'ठ'. यमक आयते मिळाले म्हणून ही म्हण साठीवर बेतली गेली असावी, असा माझा दाट संशय आहे. सत्तरीला असे यमक जुळले असते, तर आम्हांला आणखी दहा वर्षांची सूट मिळाली असती.

सरकारने 2007च्या कायद्यात 60 वर्षांचा माणूस 'ज्येष्ठ नागरिक' ठरवला. पाणिनीच्या हिशेबाने 'ज्येष्ठ' हे 'प्रशस्य' आणि 'वृद्ध' या दोन्ही शब्दांचे सर्वोच्च रूप: सर्वांत प्रशंसनीय आणि सर्वांत वयस्कर. म्हणजे एसटीच्या रांगेत सवलतीचे तिकीट काढणारे सगळेच एकमेकांपेक्षा थोर! व्याकरणदृष्ट्या ही अतिशयोक्तीच. 'म्हातारा' मात्र 'तर'वर थांबतो. तो कोणापेक्षा तरी मोठा आहे, एवढेच सांगतो, आणि आपल्याहूनही म्हातारा कोणी तरी असेल, याची जागा मोकळी ठेवतो. दोन्हींतला अधिक नेमका शब्द हाच. मला तो खुशाल लावा.