रॉकबॉक्स
रॉकबॉक्स : सुवाह्य संगीतवादकांत उत्पादकाच्या आज्ञावलीऐवजी वापरावयाची मुक्त आज्ञावली. आर्कोस कंपनीच्या ज्यूकबॉक्स वादकातील उणिवांमुळे ब्यर्न स्टेनबर्ग, लीनुस नील्सन फेल्टसिंग व डॅनिअल स्टेनबर्ग या स्वीडिश तज्ञांनी २००१ च्या अखेरीस तिचा आरंभ केला. पुढे ती इतर कंपन्यांच्या वादकांवरही उतरविण्यात आली. यादीतील नावे बोलून दाखविण्याची तिची सोय अंधांना विशेष उपयुक्त ठरली. उत्पादकांना ती क्वचितच सुचली होती.

खरी कसोटी लागली ती ॲपलच्या दुसऱ्या पिढीच्या आयपॉड नॅनोवर (२००६). पहिल्या नॅनोत नसलेली अडचण येथे होती : आज्ञावली कूटबद्ध असून उलगड्याची किल्ली प्रक्रियकातच दडलेली होती. वाट सापडली ती एका क्षुल्लक सोयीत. टिपणे वाचताना त्यांतील दुवा प्रमाणाबाहेर लांब असल्यास स्मृतीची नेमलेली मर्यादा ओलांडली जाते व टिपणात पेरलेल्या आज्ञा चालू लागतात, असे २००९ मध्ये आढळले. किल्ली हुडकण्याचे मग कारणच उरले नाही; यंत्राकडूनच मूळ आज्ञावलीचा उलगडा करवून घेता आला आणि त्यानंतर रॉकबॉक्स या नॅनोवरही चालू लागली.