गाडी लागली

वैरागच्या स्टँडवर 'सोलापूर गाडी लागली' अशी हाक उठली की लोक पिशव्या उचलायचे आणि माझी आई लिंबू शोधायची. कारण थोड्या वेळाने मला गाडी लागणार असायची. ऊन लागतं, दृष्ट लागते, तशी गाडी लागते. कोकणात आगबोटींच्या काळी बोट लागायची. बाहेरचं काहीतरी अंगाला बाधतं, ही समजूत त्या क्रियापदातच आहे. उपायही तसेच: लिंबू हुंगा, आवळासुपारी चघळा, डोळे मिटून पडा.

खरी भानगड कानाच्या आत असते. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव मान वळली की हलतो आणि मेंदूला वळणाची खबर देतो. डोळे पुस्तकावर असले तर ते म्हणतात, आपण जागच्या जागी आहोत. कान म्हणतो, गाडी वळतेय. या भांडणात पोट ढवळून निघतं. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. "पोरीला पुढं बसवा की, रस्ता बघू द्या," असं एका कंडक्टरने आईला सांगितलं होतं. किती अचूक सल्ला होता तो!

या त्रासावर व्यायामही आहेत. त्यांचं कूळ मात्र प्रवासातलं नाही, युद्धातलं आहे. टेरेन्स कॉथॉर्न हे लंडनचे कानाचे सर्जन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोक्याला मार लागलेले, कानाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण भोवंडीने बेजार असत. निपचित पडून राहणाऱ्यांपेक्षा उठून हिंडणारे लवकर सावरतात, हे कॉथॉर्न यांनी पाहिलं. कुक्सी या डॉक्टरांसोबत त्यांनी व्यायाम बसवले. १९४४ आणि १९४६ साली त्यांचे लेख आले. आधी फक्त डोळे वरखाली, डावीउजवीकडे. मग तीन फुटांवरचं बोट एक फुटावर आणत त्याच्याकडे बघायचं. मग मान, आधी हळू, नंतर भरभर, पुढे डोळे मिटून. शेवटी चेंडू या हातातून त्या हातात, चढउतारावर चालणं. भोवंड टाळायची नाही, थोडीथोडी मुद्दाम आणायची, म्हणजे मेंदू तिला सरावतो. डोळे मिटून पडण्याच्या आपल्या सवयीच्या हे नेमकं उलट आहे, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

प्रवासात त्रास होणाऱ्यांनाही आता फिजिओथेरपिस्ट याच घराण्यातले व्यायाम देतात. (भोवंड घरी बसल्याही येत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवावं.) इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात तर लोकांना दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं आकृत्यांची, कागदाच्या घड्यांची कोडी सोडवायला दिली आणि त्यांचा त्रास निम्म्याहून कमी झाला.

माझी भाची सकाळी ओट्यावर बसते, अंगठा नाकासमोर हातभर अंतरावर धरते, नजर नखावर आणि मान 'नाही नाही' करत हलते. नख धूसर झालं की वेग कमी. बार्शीपर्यंत आता ती बिनघोर जाते. सोलापूरला जाताना अजून लिंबू घेते.