उभयान्वयी अव्यय (मराठी)

दोन शब्द किंवा दोन वाक्ये यांना जोडणारा अविकारी शब्द. आणि, व, नि, किंवा, पण, परंतु, म्हणून, कारण, की, जर–तर, जरी–तरी ही नेहमीची उदाहरणे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली, तर मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. शालेय पुस्तकांत या अव्ययांचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक असे दोन गट करून प्रत्येकाचे चार पोटप्रकार सांगतात. परीक्षेपुरती ही वाटणी सोयीची आहे. मात्र तिच्यामुळे वाक्ये जोडण्याचा भार याच शब्दांवर आहे असा समज होतो आणि तो मराठीला लागू पडत नाही. मराठीत जोडणीचे बरेचसे काम क्रियापदच करते. जिथे त्याचे हात पोचत नाहीत, तिथे उभयान्वयी अव्यय येते.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात कोणीही सहज बोलेल असे एक वाक्य घ्यावे : ‘खंबाटकी उतरून शिरवळला आलो, चहा पिऊन लोणंदची गाडी धरली.’ चार क्रिया आहेत, उभयान्वयी एकही नाही. ‘उतरलो आणि आलो आणि चहा प्यालो आणि गाडी धरली’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला तक्रारीचा सूर लागेल. याच भागात ‘येऊनशान’सारखी लांबवलेली रूपे ऐकू येतात, तशीच ‘आन्’, ‘पर’, ‘म्हून’ हीसुद्धा. तेव्हा बोलीला उभयान्वयी ठाऊक नाहीत असे नव्हे. आज्ञार्थात फरक आणखी उघडा पडतो. ‘बाजार उरकून ये’ हे एकच काम. ‘बाजार उरक आणि ये’ म्हटले की दोन हुकूम झाले. नकारातही तेच. ‘तो जेवून गेला नाही’ म्हणजे तो बहुधा न जेवताच गेला. ‘तो जेवला आणि गेला नाही’ म्हणजे तो जेवला खरा, पण अजून इथेच आहे. पहिल्या वाक्यात नकार दोन्ही क्रियांवर पसरू शकतो, दुसऱ्यात ‘आणि’ त्याला अडवते.

यावर पहिला आक्षेप कर्त्याचा. ‘उतरून’, ‘पिऊन’ यांतल्या ‘-ऊन’ला सहसा एकच कर्ता लागतो, ‘मी येऊन तू गेलास’ हे मराठी नव्हे. ‘पाऊस पडून ओढ्याला पूर आला’ चालते, कारण तिथे पहिल्या घटनेतूनच दुसरी निघते. पण कर्ता बदलला म्हणून लगेच अव्ययाकडे धावावे लागत नाही. ‘मी आल्यावर’, ‘मी येताना’, ‘मी आल्यामुळे’ ही क्रियापदाचीच रूपे हाताशी असतात. खरी निकड विरोध आणि विकल्प यांत भासते. ‘येऊनही’ने विरोधाचा थोडा भाग निभावतो, तरी ‘पण’ आणि ‘किंवा’ यांची जागा पूर्णपणे भरून काढणारे क्रियारूप नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा : ‘आणि’ काही छापखान्याबरोबर आलेला नाही, १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत, अगदी पसायदानातही तो आहे. हे खरेच आहे. प्रश्न त्याच्या जुनेपणाचा नसून त्याच्यावर किती भार टाकायचा याचा आहे. शिवाय या यादीतला सर्वांत कष्टाळू शब्द ‘म्हणून’ हा ‘म्हण’ धातूला ‘-ऊन’ लागूनच झालेला आहे. तो कारण दाखवतो (‘गाडी चुकली म्हणून थांबलो’), दुसऱ्याचे बोलणे पोचवतो (‘येतो म्हणून सांग’) आणि नावही जोडतो (‘लोणंद म्हणून गाव आहे’). कन्नडचे ‘एंदु’ आणि तेलुगूचे ‘अनि’ हेही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासूनच निघाले आहेत. जोडशब्दांची ही घडण दख्खनची सामाईक ठेव दिसते.

चेक भाषेशी तुलना इथे उपयोगी पडते. तिच्यातही ‘-ऊन’सारखे काम करणारे ‘प्रशेखोद्निक’ हे धातुसाधित होते. तेही मुख्य वाक्याचाच कर्ता धरी, वर कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदले. आज ते जुनाट, ग्रंथांपुरते उरले आहे, आणि ‘आ’ (आणि), ‘ज़े’ (की), ‘प्रोतोज़े’ (कारण) यांच्यावर वाक्यजोडणीचा मोठा भार आहे. तिथे ‘ज़े’च्या आधी स्वल्पविराम सक्तीचा असतो. ‘आबी’ या उद्देशदर्शक अव्ययाला तर कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे प्रत्यय लागतात : मी असेल तर ‘आबिख’, तू असेल तर ‘आबिस’. म्हणजे अव्यय नावालाच अव्यय! मराठीच्या ‘-ऊन’वर मात्र ‘प्रशेखोद्निक’सारखी जुनाट होण्याची पाळी आलेली नाही.

तरी छापील मराठीचा कल वेगळा आहे. मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हे रुळली. त्याआधीच्या मोडी लिखाणात वाक्य संपल्याची खूण मुख्यतः शेवटच्या क्रियापदानेच पटे. आता बातम्यांत आणि सरकारी पत्रांत ‘असे की’, ‘कारण की’ यांची दाटी असते. ‘येणार असे त्याने सांगितले’ याऐवजी ‘त्याने सांगितले की तो येणार’ ही रचना रूढ झाली आहे. ती अशुद्ध नाही. आधी सांगणारा, मग सांगणे असा क्रम लांब मजकुरात वाचकाला सोयीचाच पडतो. पण ‘तो’ म्हणजे सांगणारा की दुसराच कोणी, ही शंका तिने नव्याने आणली. जुन्या रचनेत ‘येणार’च्या आधी सर्वनामच लागत नाही, आणि सांगणाराच येणार हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते.