अर्ध्या गोळीत औषध नेमके किती?

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगरी तालुके. त्यांपैकी वेल्ह्याचे 'राजगड' असे नामकरण राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केले. कापूरहोळहून भोरकडे आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे वळणारे रस्ते पुढे हिर्डोशी, वेळवंड, कानंद या खोऱ्यांमध्ये शिरतात आणि घाटमाथ्याकडे जातात. या भागातील घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि त्याला वेदनाशमनासाठी मॉर्फिन लागत असेल, तर त्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी पुणे गाठावे लागते आणि पुढील खेपेपर्यंत त्या पुरवाव्या लागतात. अशा वेळी डॉक्टरांनी मात्रा कमी करण्यास सांगितले आणि हाताशी फक्त मोठ्या मात्रेची गोळी असली, की ती मोडावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मोडलेला तुकडा काट्यावर ठेवून मात्रा काढावी, हा त्यापुढचा विचार. वरकरणी तो शास्त्रशुद्ध भासतो. तथापि काटा तुकड्याचे वजन सांगतो, त्यातील औषधाचे नव्हे.

गोळीत औषधाचा वाटा बहुधा लहान असतो. उरलेला भाग पिष्ट, दुग्धशर्करा, सेल्युलोज अशा पूरक द्रव्यांचा. समजा, १० मिलिग्रॅम मॉर्फिन असलेल्या एका गोळीचे एकूण वजन १०० मिलिग्रॅम आहे. तिचा ४८ मिलिग्रॅमचा तुकडा घेतला, तर त्रैराशिकाने त्यात ४.८ मिलिग्रॅम मॉर्फिन असावे. हे उत्तर तीन गोष्टी गृहीत धरते: संपूर्ण गोळीचे वजन नेमके ठाऊक आहे, औषध गोळीत सर्वत्र सारखे पसरले आहे आणि काटा खरा आहे. घरात या तिन्ही गोष्टींची खात्री देता येत नाही.

पहिली गोष्ट वजनाची. पाकिटावर औषधाची मात्रा छापलेली असते, गोळीचे एकूण वजन नसते. एकाच पट्टीतील गोळ्याही तंतोतंत सारख्या वजनाच्या नसतात. भारतीय औषधसंहितेच्या कसोटीत वीस गोळ्या एकेक करून तोलतात. सरासरी वजन ८० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास दहा टक्के, ८० ते २५० च्या दरम्यान साडेसात टक्के आणि २५० वा त्याहून अधिक असल्यास पाच टक्के एवढा फरक ग्राह्य धरला जातो. वीसपैकी दोन गोळ्या ही मर्यादा ओलांडू शकतात. दुपटीपलीकडे मात्र एकही जाता कामा नये. म्हणजे एक गोळी तोलून बाकीच्यांचा हिशेब मांडला, की पहिली चूक तेथेच होते.

दुसरी गोष्ट औषधाच्या विभागणीची. गोळीत औषध फार थोडे असेल, तर केवळ वजनाच्या कसोटीवर औषधसंहिताही विसंबत नाही. दहा मिलिग्रॅमपेक्षा कमी किंवा वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी औषध असलेल्या गोळ्यांसाठी प्रत्येक गोळीतील औषध स्वतंत्रपणे मोजण्याची वेगळी चाचणी आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी हे याचे ठळक उदाहरण. जिभेखाली ठेवायच्या या गोळीत ०.४ किंवा २ मिलिग्रॅम एवढेच औषध असते. तिचा कपचा तोलून काढलेला आकडा हा अंदाजच ठरतो.

तिसरी गोष्ट काट्याची. स्वयंपाकघरातील काटा एक ग्रॅमच्या खाली जात नाही, तेव्हा तो बाजूलाच ठेवावा. सोनाराचा काटा अधिक सूक्ष्म. पण वैधमापनाच्या नियमांत प्रत्येक काट्याला कमाल क्षमतेप्रमाणेच किमान क्षमताही ठरवून दिलेली असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुसऱ्या वर्गातील, १० मिलिग्रॅम पडताळणी अंतर असलेल्या काट्याची किमान क्षमता त्या अंतराच्या वीसपट, म्हणजे २०० मिलिग्रॅम असते. त्याखालील वजन पडद्यावर उमटते, पण ते प्रमाण मानले जात नाही. आपल्या उदाहरणातील अख्खी गोळीच १०० मिलिग्रॅमची होती. तुकडा तोलताना १० मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले, तर ४.८ चा आकडा ३.८ ते ५.८ मध्ये कोठेही असू शकतो. पंख्याचा वारा आणि सुरीला चिकटलेली भुकटी यांचा हिशेब यात धरलेला नाही.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूमिश्रित 'बाळगोळी' देऊन कामावर जात, याची नोंद १९२० च्या दशकातील पाहण्यांमध्ये आहे. अफू मोहरीएवढी किंवा गुंजेच्या हिशेबाने दिली जाई. गुंज म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. परंतु अफूतील मॉर्फिनचे प्रमाण पिकागणिक बदलते. काल ज्या खड्याने मूल शांत झोपले, तेवढाच खडा उद्या त्याचा श्वास रोखू शकत असे. अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्याची किमया एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साधली. मात्रा खडा पाहून नव्हे, तर मोजून देता येऊ लागली, हे तिचे मोठे फलित. मोडलेल्या गोळीचा कपचा हातात घेणारा माणूस नकळत पुन्हा त्या खड्यापाशी जाऊन पोहोचतो.

काही गोळ्या तर मोडण्याचा विचारही करू नये. मॉर्फिनच्या गोळ्या दोन प्रकारच्या असतात. साधी गोळी लगेच विरघळते आणि तिचा प्रभाव साधारण चार तास राहतो. दुसरी गोळी बारा तास थोडे थोडे औषध सोडत राहते. तिच्या पाकिटावर 'एसआर' किंवा तत्सम अक्षरे असतात. ही गोळी मोडली, चावली वा कुटली, तर बारा तासांचे औषध अल्पावधीत रक्तात उतरू शकते. तुकड्याचे वजन बिनचूक असले तरी हा धोका टळत नाही. त्वचेवर लावायची फेंटानिलची पट्टीही याच कारणासाठी कापू नये.

शहरी घरांतील औषधाच्या डब्यात अधिक आढळते ती ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी. तिच्या प्रचलित स्वरूपात ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. अर्धी गोळी घेतली की दोन्ही औषधे अर्धी होतात, आणि 'अर्ध्याने भागले नाही' म्हणून आणखी काही घेतले की पॅरासिटामॉलची बेरीज यकृतावर पडते. ट्रॅमाडॉल हे साधे वेदनाशामक आहे, हा समजही सोडायला हवा. २०१३ च्या अधिसूचनेने ते 'एच-१' अनुसूचीत आले आणि एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

गोळीवर खाच असेल तर? खाच असलेली प्रत्येक गोळी समान मात्रांत विभागण्यासाठीच बनवलेली असते, असे नाही. युरोपीय औषधसंहितेत त्यासाठी स्वतंत्र कसोटी आहे. तीस गोळ्या मोडून प्रत्येकीचा एक तुकडा तोलतात. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकाहून अधिक तुकडे जाता कामा नयेत आणि ७५ ते १२५ टक्क्यांबाहेर एकही नाही. म्हणजे कसोटीला उतरलेल्या गोळीचे अर्धेही हुबेहूब सारखे नसतात. डॉक्टरांनी खाच असलेली साधी गोळी अर्धी घेण्यास सांगितली असेल, तर औषध दुकानात मिळणाऱ्या गोळीकापणीच्या डबीने ती एका वेळी एकच कापावी आणि दोन्ही अर्धे लागोपाठच्या वेळांना घ्यावेत. एक तुकडा लहान निघाला तर दुसरा मोठा असतो, आणि दिवसाची बेरीज सांभाळली जाते. येथे काट्याची गरजच उरत नाही.

कमी मात्रेसाठी खरा उपाय द्रवरूप मॉर्फिनचा. युगांडात १९९३ पासून मॉर्फिनची भुकटी पाण्यात विरघळवून बाटल्यांतून घरोघरी दिली जाते. द्रवात औषध समप्रमाणात मिसळलेले असते, त्यामुळे सिरिंजच्या खुणेवर ते मोजता येते. मात्र हे द्रावण प्रशिक्षित औषधनिर्मात्यानेच तयार करायचे असते. घरी गोळी कुटून पाण्यात ढवळणे हा त्याला पर्याय नव्हे, कारण भुकटीचा काही भाग तळाशी बसतो. द्रावण मिळत नसेल, तर कमी मात्रेची गोळी मागावी. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी भारतात बनते. ती न मागता ३० च्या गोळीचे तीन तुकडे करणे म्हणजे विनाकारण जोखीम पत्करणे होय.

मागायची कोठे, हा भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवण्यास अनेक परवाने लागत आणि बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन यांना 'अत्यावश्यक अमली औषधे' ठरवून देशभर एकसारखी पद्धत आणली. राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळालेली संस्था आता ही औषधे ठेवू शकते. पुण्यात वारजे येथील सिप्ला उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे आणि भोर-वेल्ह्याकडून महामार्गाने येणाऱ्यांना ते वाटेवरच पडते. कायदा सुटसुटीत झाला, तरी तालुक्याच्या ठिकाणी अशी मान्यता घेणाऱ्या संस्था वाढल्याखेरीज डोंगरातील रुग्णाची खेप चुकणार नाही. तूर्तास कुटुंबाने डॉक्टरांकडून पुढील पंधरवड्यात मात्रा कमी-अधिक करावी लागल्यास कोणती गोळी किती घ्यायची, हे कागदावर लिहून घ्यावे.

मात्रा जास्त झाल्याची चिन्हे घरातील प्रत्येकास ठाऊक हवीत. हाक मारूनही न मोडणारी झोप, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि मंदावलेला श्वास ही ती चिन्हे. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास मोजले गेले, तर पुढची मात्रा न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणते औषध, किती व केव्हा दिले ते सांगावे. नॅलोक्झोन हे उतारा म्हणून वापरले जाणारे इंजेक्शन रुग्णालयात दिले जाते.

राहिला प्रश्न उरलेल्या तुकड्यांचा. नाव आणि मुदत छापलेल्या पट्टीतून सुटलेला अर्धा कपचा पुढे कोणालाच ओळखू येत नाही, आणि लहान मुलाला तो पेपरमिंटसारखा दिसतो. तो पुडीत बांधून फडताळात ठेवू नये. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल यांच्यासह सतरा औषधे कचऱ्यात न टाकता शौचकुपात सोडून पाणी ओतावे, असे म्हटले आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून आणलेल्या आणि न वापरलेल्या अख्ख्या पट्ट्यांबाबत मात्र आधी त्या संस्थेलाच विचारावे.