पेण–रोहा खाडीपट्टा : लेणी, व्यापारी वाटा आणि मध्ययुगीन अवशेष

पेण–रोहा खाडीपट्टा : रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुके आणि त्यांना लागून असलेला तळा, सुधागड व अलिबाग तालुक्यांचा भाग. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस चौलचे पुरातन बंदर. अंबा नदी पालीवरून येऊन नागोठण्याच्या पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. कुंडलिका भिऱ्याकडून कोलाड, रोहा ओलांडत रेवदंड्याला समुद्र गाठते. पेणजवळ भोगावतीची खाडी व अंतोऱ्याचा बंदरकाठ आहे.

या मुलखाचा इतिहास भरतीच्या पाण्याने घडवला. पडाव भरतीबरोबर खाडीत शिरत. पाणी उथळ झाले की माल काठावर उतरे आणि बैलांच्या पाठीवर लादून घाटाकडे निघे. नागोठणे, रोह्याजवळचे अष्टमी, अंतोरे, मांदाड ही ठाणी अशाच जागी वसली. इथल्या इतिहासात चौलचा दबदबा मोठा असला, तरी घाट आणि बंदर यांना बांधून ठेवले ते या आतल्या ठाण्यांनी. त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फार कमी गेले आहे.

लेणी : रोह्याच्या दक्षिणेस, राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाशी मांदाड आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील ‘मंदगोरा’ बंदर ते हेच, असे काही अभ्यासक मानतात. जवळच कुडे येथील डोंगरात 26 बौद्ध लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी लेख साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले आहेत. मांदाडचे महाभोज घराणे या लेण्यांचे आश्रयदाते होते, आणि पहिल्या लेण्याचा दाता शिवभूती हा महाभोज खंदपालित याचा लेखक, म्हणजे कारकून होता. मात्र कुड्याचे खरे वैभव दात्यांच्या विविधतेत आहे. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, वैद्य, माळी, श्रेष्ठी, सार्थवाह, भिक्षुणी आणि एका ब्राह्मणाची पत्नी, अशा सर्वांची दाने येथे नोंदली आहेत. घाटावरच्या कऱ्हाडचा लोखंडवाला खाडीकाठच्या विहारासाठी पैसे देतो, हा एक लेख या वाटेवरच्या व्यवहाराबद्दल एखाद्या राजवंशावळीपेक्षा अधिक सांगतो. सहाव्या लेण्यात पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास बुद्धमूर्ती नव्याने कोरल्या गेल्या, म्हणजे मूळ दात्यांनंतर काही शतकांनीही येथे उपासना चालू होती.

सुधागड तालुक्यातील ठाणाळे व खडसांबळे (नेणवली) येथील लेणी त्याहून जुनी असून घाटवाटांच्या पायथ्याशी आहेत. हेन्री कझेन्स यांनी 1891मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ठाणाळ्याजवळून वाघजाई घाटाची वाट चढते.

शिलाहारकाळ : सहाव्या शतकानंतर या पट्ट्यातील विहार मागे पडले. उत्तर कोकणात बौद्ध परंपरा कान्हेरीला नवव्या शतकापर्यंत टिकली. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या काळात तेथील भिक्षुसंघाला दाने मिळत राहिली. चौलचा व्यापार मात्र वाढतच गेला. 916च्या सुमारास अरब प्रवासी अल्-मसुदी याने ‘सैमूर’ नावाने चौल पाहिले. त्याने तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली आणि शिलाहार राजा झंझ याचा उल्लेख केला. शके 1016 (इ. स. 1094)च्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव राजाने आपल्या मंत्र्यांच्या गलबतांना स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली या बंदरांत जकात माफ केली. चेमुली म्हणजे चौल. याच काळात मराठी भाषा लेखांत उतरू लागली. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके 934 (इ. स. 1012)चा म्हणून वाचला गेला आहे, तर दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके 982 (इ. स. 1060)चा आहे. शिलाहारांची सत्ता तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांनी संपवली.

सुलतानशाही व पोर्तुगीज : रशियन व्यापारी अफनासी निकितीन 1469च्या सुमारास चौलला उतरला आणि पाली, उमरी या मार्गाने जुन्नरला गेला. चौल ते पाली हे अंतर त्याने आठ दिवसांचे दिले आहे. घाटाच्या पायथ्याचे पाली मोठ्या रस्त्यावरचे ठाणे होते, याचा हा उत्तम पुरावा. 1529मध्ये पोर्तुगीज आरमार एतोर दा सिल्वेरा याच्या हाताखाली नागोठण्याच्या खाडीत शिरले आणि त्याने काठची गावे जाळली. 1540च्या सुमारास पेणजवळचा सांकशी व पनवेलजवळचा कर्नाळा या गडांसाठी निजामशाही, गुजरातची सल्तनत आणि वसईचे पोर्तुगीज यांच्यात झुंज झाली. अवचितगड, सुरगड, घोसाळगड व तळगड हे रोह्याच्या आसपासचे गडही याच खाड्या आणि वाटांवर पहारा ठेवत. 1580च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने नागोठण्याजवळ अंबा नदीवर दगडी पूल बांधला. बंदरातला माणूस खाडीच्या टोकाच्या गावी पूल बांधतो, कारण त्याच्या बंदराचा माल तेथून जातो. 1674मध्ये शिवराज्याभिषेकासाठी निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनही चौलहून अष्टमी, निजामपूर मार्गे रायगडला गेला. हा प्रवास मध्ययुगाच्या शेवटचा, पण वाट तीच जुनी.

समाज : या पट्ट्यातील जुन्या वसाहतींत बेने इस्रायल या ज्यू समाजाचा उल्लेख हवाच. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे इथल्या गावांवरूनच पडली. व्यापाराखेरीज पेणच्या खारजमिनी व मिठागरे हा या पट्ट्याच्या अर्थव्यवस्थेचा दुसरा आधार होता.

पुरातत्त्व : पुण्याच्या डेक्कन कॉलेजने एकविसाव्या शतकाच्या आरंभी विश्वास गोगटे यांच्या नेतृत्वाखाली चौलला उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीच्या खुणांबरोबर रोमन मद्यकुंभांचे तुकडे, पश्चिम आशियातील चकाकीदार भांडी व चिनी मातीची भांडी यांनी बंदराची दीर्घ परंपरा सिद्ध केली. पण खापऱ्यांचा प्रवास बंदरात थांबत नाही. नागोठणे, अष्टमी व अंतोरे यांच्या खाडीकाठांवर घरे आणि कारखाने वाढत असताना तेथे निदान पृष्ठभागावरील खापऱ्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण तातडीने व्हायला हवे. गावोगावच्या वीरगळांची (वीरांच्या स्मारकशिळांची) व गधेगळांची (शापवचनाच्या दानशिळांची) नोंदही त्याच कामात धरली पाहिजे. देवळांच्या जीर्णोद्धारात हे दगड जागचे हलतात, आणि जागा हलली की जमीन, हद्द आणि वाट यांच्याशी असलेले त्यांचे नाते तुटते.