जेटवरचा आकडा आणि चार जार पाणी

मागच्या भागात आपण किल्ल्यांवरच्या टाक्यांबद्दल बोललो होतो. आजही विषय पाण्याचाच आहे, पण वस्तू एवढीशी. बोटाच्या पेराहूनही लहान. पितळेचा किंवा स्टीलचा एक तुकडा, मध्ये बारीक फट आणि अंगावर कोरलेला आकडा: ११००१. याला जेट म्हणतात. ऑफिसमधलं कार्पेट धुण्याच्या मशीनला स्टीलचा एक वाकडा दांडा असतो, त्याला वाँड म्हणतात. वाँडच्या तोंडाशी हे जेट बसवलेले असतात. खटका दाबला की जेटमधून गरम पाण्याचा पंखा कार्पेटवर पडतो आणि त्याच्याच शेजारची फट ते मळकं पाणी लगेच ओढून घेते.

मला हे कसं माहीत? माझ्या मामाचा पुण्यात क्लीनिंगचा धंदा आहे. शुक्रवारी रात्री आयटी ऑफिसं रिकामी झाली की त्याची माणसं आत शिरतात. मी बीटेक, पोटापाण्यासाठी कोड लिहिते. त्यामुळे घरात कुठलाही आकडा अडला की, "आमची भाची बघेल" असं ठरलेलं.

दीड वर्षापूर्वी मामाचा फोन आला. मशीनचं प्रेशर १६० पीएसआयवर ठेवलं की पाइपचे जोड गळायचे. नवे पाइप घ्यायला पैसे नव्हते. मामा म्हणाला, "प्रेशर कमी केलं तर पाणी कमी पडेल ना गं? काहीतरी कर." मी शीट उघडली. वाँडला ११००१ चे दोन जेट होते. आकड्याचा अर्थ मी शोधून काढला. पहिले तीन अंक म्हणजे पाण्याच्या पंख्याचा कोन, ११० अंश. शेवटचे दोन म्हणजे ४० पीएसआय प्रेशरला मिनिटाला किती गॅलन पाणी. ०१ म्हणजे ०.१ अमेरिकन गॅलन, साधारण ३८० मिलिलिटर. ०२ म्हणजे त्याच्या दुप्पट.

मग मी डोकं चालवलं. प्रेशर निम्मं करू, म्हणजे ८०. जेट दुप्पट करू, म्हणजे ११००२. निम्मं गुणिले दुप्पट, हिशेब जागच्या जागी. शीटमध्ये दोन्ही बाजूंना मिनिटाला तीन लिटरच्या आसपास आकडा आला. मी शीट तपासलीसुद्धा, ४० पीएसआयचा छापील आकडा घालून. बरोबर उत्तर आलं. मी मामाला मेसेज टाकला: "जेट बदल, बिनधास्त."

जेट बदलले. सोमवारी सकाळी एका ऑफिसमधून फोन आला. कार्पेट ओलं आहे, कुबट वास येतोय, लोक बसायला तयार नाहीत. कार्पेट सुकायला बुधवार उजाडला, आणि ते काम कायमचं गेलं. वाँड चालवत होते अण्णा. मामाकडे बारा वर्षं आहेत, वयाने त्याच्याहून मोठे. मामा चिडला, म्हणाला की अण्णांनी खटका जास्त दाबला, दांडा ओढताना घाई केली. त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले. अण्णा भांडले नाहीत. मी भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, हात तोच होता हो माझा."

ते वाक्य डोक्यातून जाईना. चूक कुठे झाली हे शोधताना मी जिथे पोहोचले, ती आजची खरी गोष्ट. त्यासाठी जायचंय सतराव्या शतकातल्या इटलीत.

तिथे बेनेदेत्तो कास्तेल्ली नावाचे एक साधू होते. गॅलिलिओंचे शिष्य, गणिती, वाहत्या पाण्याचे अभ्यासक. १६२८ मध्ये त्यांचं वाहतं पाणी मोजण्यावरचं पुस्तक आलं. नद्या-कालव्यांबद्दल त्यांनी बरंच बरोबर सांगितलं. पण पाण्याने भरलेल्या भांड्याला भोक पाडलं तर पाणी किती वेगाने बाहेर येईल, या प्रश्नावर ते घसरले. त्यांनी धरलं की भोक जितकं खोल, तितकाच वेग जास्त. खोली दुप्पट, वेग दुप्पट. ऐकायला किती सरळ वाटतं! माझ्या शीटमध्ये नेमकं हेच लिहिलेलं होतं. खोली म्हणजे तिथलं प्रेशरच की.

ही चूक दुरुस्त केली त्यांच्याच शिष्याने. एवांजेलिस्ता तोरिचेल्ली, शाळेत बॅरोमीटरच्या धड्यात भेटतात तेच. रोममध्ये ते कास्तेल्लींकडे शिकले, त्यांचे लेखनिक म्हणून राहिले, आणि गॅलिलिओंच्या शेवटच्या काही महिन्यांत त्यांच्याजवळ होते. तोरिचेल्लींनी पाहिलं की भांड्याच्या भोकातून वर उडणारं कारंजं जवळजवळ भांड्यातल्या पाण्याच्या पातळीएवढं चढतं. म्हणजे भोकातून निघताना पाण्याचा वेग तेवढ्या उंचीवरून पडलेल्या दगडाइतका असला पाहिजे. आणि पडणाऱ्या दगडाचं गणित गॅलिलिओंनी आधीच मांडलेलं होतं: वेग दुप्पट हवा तर उंची चौपट लागते. १६४४ मध्ये तोरिचेल्लींनी हे छापलं. वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पुढे राफाएल्लो माजोत्ती यांनी वेगवेगळ्या तोट्या लावून, वेगवेगळ्या दाबाखाली किती पाणी पडतं ते मोजलं आणि नियम खरा ठरला.

थोडं थांबून हिशेब करू. प्रेशर चौपट केलं तर पाणी दुप्पट. उलट बाजूने, पाणी निम्मं करायचं तर प्रेशर निम्मं करून भागत नाही, पाव करावं लागतं. मी प्रेशर निम्मं केलं, त्यामुळे पाणी फक्त ३० टक्क्यांच्या आसपास घटलं. जेट मात्र खरोखर दुप्पट केला होता. एकूण पाणी ४१ टक्क्यांनी वाढलं.

आणि माझ्या तपासणीत हे का नाही सापडलं? कारण मी ४० चा आकडा घालून तपासलं. जेटवरचा छाप ४० पीएसआयचाच असतो, त्यामुळे तिथे चुकीचं सूत्रही बरोबर उत्तर देतं. एकच टेस्ट केस, तीही अशी, की नापास होणं शक्यच नव्हतं. कोड लिहिणाऱ्यांनो, हसू नका, तुम्हीही केलंय हे.

बरं, पाणी थोडं वाढलं तर एवढं काय बिघडलं? याचं उत्तर कार्पेटच्या इतिहासात आहे. सतरंजी मळली तर आपण काय करतो? गच्चीवर नेतो, आपटतो, उन्हात टाकतो. युरोप-अमेरिकेतही गालिचे बाहेर काढून काठीने झोडपायचे. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने उलटा विचार केला. त्याने हवा फुंकून धूळ उडवणारं एक मशीन पाहिलं होतं. धूळ उडायची आणि परत बसायची. म्हणून त्याने तोंडावर रुमाल धरून खुर्चीच्या गादीतून हवा ओढून पाहिली, ठसका लागला आणि रुमालावर काळा डाग उमटला. त्याचं मशीन एवढं अवजड होतं की ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच मशीनने साफ झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कार्पेटच बदललं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने १८९५ मध्ये, पंधराव्या वर्षी, कापडात धाग्याचे गुच्छ ओवून एक पलंगपोस केला. आसपासच्या बायका तेच काम घरोघरी करू लागल्या, मग त्याची यंत्रं झाली, आणि युद्धानंतर त्या यंत्रांवर खोलीभर पसरणारं स्वस्त कार्पेट निघू लागलं. असं कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीला पक्कं बसवतात. ते गच्चीवर नेता येत नाही, आपटता येत नाही, वाळत घालता येत नाही. मग उपाय एकच: पाणी त्याच्यापाशी न्यायचं आणि बूथसारखं ओढून परत आणायचं. जेवढं पाणी टाकलं त्यातलं जेवढं परत ओढलं गेलं नाही, ते खाली कार्पेटच्या पाठीत बसणार. त्याला जायला दुसरी वाट नाही.

म्हणून जेट निवडताना पहिला प्रश्न ‘किती पाणी टाकू’ हा नसतोच. ‘माझी मोटर किती पाणी परत ओढते’ हा असतो. दुसरं, वाँडवरच्या सगळ्या जेटची बेरीज करायची. दोन ०२ म्हणजे ०४. ही बेरीज पंपाला झेपत नसेल तर प्रेशर आपोआप खाली येतं. तिसरा आहे कोन. जेट कार्पेटपासून १० सेंटिमीटरवर असेल तर ११० अंशांचा पंखा कागदावर साधारण २८ सेंटिमीटर रुंद पडतो आणि ८० अंशांचा जेमतेम १७. एकाच जेटचा वाँड असेल तर कोन मोठा लागतो. जास्त जेट असतील तर लहान कोन चालतो, नाहीतर पट्टे एकमेकांवर येतात. आणि पितळेचं भोक वापराने झिजून मोठं होतं. छाप ०१ च राहतो, पाणी मात्र वाढत जातं.

हा आकड्यांचा छाप फक्त कार्पेटवाल्यांचा नाही बरं का. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९३७ साली स्प्रेइंग सिस्टिम्स ही कंपनी सुरू झाली. तिच्या शेतीच्या फवारणीच्या नोझलवरही असाच कोन आणि प्रवाह लिहिलेला असतो. शेतात तर रंगसुद्धा ठरलेले आहेत: ०२ पिवळा, ०३ निळा, ०४ लाल. नाशिककडे काकांच्या शेतात तणनाशकाच्या पंपाला मी पिवळं नोझल लहानपणापासून बघितलंय. त्यावरचा आकडा कधी वाचला नव्हता.

आता परत पुण्यात. एका रविवारी मी मामाच्या गोडाउनमध्ये गेले. बादली घेतली, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावला आणि अण्णांना खटका दाबायला सांगितला. जुने जेट, १६० प्रेशर: दीड लिटर. नवे जेट, ८० प्रेशर: दोन लिटरच्या वर. माझ्या शीटमधले तीन लिटर कुठेच नव्हते. त्या रात्री खटका एकूण दोन तास दाबला गेला असेल असं धरलं तरी ७५ लिटर पाणी जास्त गेलं. ऑफिसमध्ये पाण्याचे २० लिटरचे जार असतात ना? जवळजवळ चार जार. अण्णांनी कितीही सावकाश दांडा ओढला असता तरी आमच्या मोटरने ते ओढलं नसतं.

मी मामाला सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझ्या शीटची होती. अण्णांची नाही." मामा बराच वेळ बादलीकडे बघत राहिला. मग खिशातून पैसे काढून त्याने अण्णांना दिले. तोंडाने काही बोलला नाही. अण्णांनी पैसे मोजले नाहीत, घडी घालून खिशात ठेवले आणि मला म्हणाले, "ताई, बादली आधीच आणायची होती."

आता जुने जेट परत बसवलेत आणि पाइप हप्त्याने घेतलेत. ते ऑफिस काही परत आलं नाही. गोडाउनच्या भिंतीवर अण्णांनी खडूने एक तक्ता लिहिलाय: जेट, प्रेशर, बादलीतलं पाणी. महिन्यातून एकदा ते स्वतः मोजतात. मागच्या महिन्यात त्यांनीच एक झिजलेला जेट पकडला.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, शेतात, कामावर असा कोरलेला एखादा आकडा असेल तर त्याचा फोटो आणि त्याची गोष्ट पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या!