मुंबईचे लाल पाणी आणि जीवाश्म पुटीची ओळख

डायनोफ्लॅजेलेट हा पाण्यात तरंगणारा एकपेशीय जीव होय. त्याच्या काही जाती जीवनचक्रात कठीण भित्तीची पुटी निर्माण करतात. पोहणारी पेशी सहसा मागे राहत नाही. पुटी मात्र गाळात गाडली जाऊन कोट्यवधी वर्षे टिकते. भवानीनगर परिसराच्या काळ्या जमिनीखाली लाव्हारसाचा खडक आहे; त्यात सागरी पुटी मिळण्याची शक्यता नाही. महाराष्ट्रात या विषयाचा धागा मुंबईच्या किनाऱ्यावर सापडतो.

बॉम्बे आर्मीतील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर (१८१३-१८९५) याने मुंबई बेटाच्या भूरचनेवर १८५२ साली विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. वरळीच्या गोड्या पाण्यातील थरांत बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. ओवेनने १८४७ साली त्यांचे वर्णन केले होते. पुढे १८५८ साली कार्टरने बेटाभोवतीच्या समुद्राला लाल रंग देणाऱ्या सूक्ष्मजीवाला पेरिडिनियम सँग्विनियम असे नाव दिले. एकाच संशोधकाच्या हाताखाली जीवाश्म आणि जिवंत डायनोफ्लॅजेलेट हे दोन्ही विषय होते. पण त्यांना जोडणारा दुवा त्या काळी कोणाजवळच नव्हता.

युरोपातही चित्र वेगळे नव्हते. एहरेनबर्गने १८३० च्या दशकात चकमकीच्या दगडात काटेरी गोल पाहिले आणि ते एका हिरव्या शैवालाच्या प्रजातीत घातले. पुढे त्यांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हणू लागले, परंतु ते नेमके कोण, याचा उलगडा होईना. १९६१ साली विल्यम एव्हिट यांनी दाखविले की, या काट्यांची मांडणी पेशीच्या कवचपट्टांशी जुळते, तसेच भित्तीवरील ठरावीक छिद्र म्हणजे पेशी बाहेर पडण्याचा मार्ग आहे. त्यानंतर वॉल आणि डेल यांनी आधुनिक गाळातील पुटी प्रयोगशाळेत उबवून त्यांतून पोहणाऱ्या पेशी मिळविल्या.

नव्या जीवाश्म जातीचे वर्णन आजही याच खुणांवर उभे असते. खडक हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांत विरघळवून पुटी वेगळ्या करतात. आकार, काटे, पट्टांचे ठसे व छिद्राची जागा नोंदवितात आणि एक पुटी मूळ नमुना म्हणून काचपट्टीवर जपून ठेवतात. तो नमुना हरवला की, नावाचा आधारच डळमळतो. लिंग्युलोडिनियम मॅकिरोफोरम हे नाव जीवाश्म पुटीवरून आले; त्याच जीवाच्या आजच्या पोहणाऱ्या पेशीचे नाव मात्र लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा असे आहे. वनस्पतिनामकरणाची संहिता डायनोफ्लॅजेलेटांच्या बाबतीत अशी दुहेरी नावे चालू देते.